एक हजार एकशे चाळीस रिकाम्या शंखांच्या जप्तीबाबत

प्रति,
मा. संचालक,
किनारी जीवगणना संचालनालय,
मुख्य इमारत, तिसरा मजला.

(मार्फत : मा. विभागीय गणना अधिकारी. ते दीर्घ रजेवर असून त्यांच्या टेबलावर अर्जदाराच्या मागील सहा अर्जांपैकी तीन पडून आहेत. सबब हा सातवा थेट.)

विषय : जप्त केलेले रिकामे शंख कोठे आहेत याचा खुलासा, आणि शंखजप्तीचा आदेश तातडीने रद्द करण्याबाबत.

संदर्भ : १) आपला आदेश, दि. १९ मार्च (रिकामे शंख दररोज गोळा करून जप्त ठेवणेबाबत).
२) आपली कारणे दाखवा नोटीस, दि. ६ मे.

महोदय,

१. अर्जदार ही दीपगृहाखालील किनारी निरीक्षण केंद्रात सर्वेक्षण सहायक या पदावर अठरा वर्षे काम करीत आहे. अर्जात कोठेही 'मी' असे लिहू नये, असे आपल्या परिपत्रकात बजावले आहे. म्हणून अर्जदार स्वतःला सर्वत्र 'अर्जदार' असेच म्हणेल. त्यामुळे वाचताना हे सगळे दुसऱ्याच कोणा बाईच्या बाबतीत घडले असे वाटण्याचा संभव आहे. तसे असते तर अर्जदाराला बरे वाटले असते.

२. नोटिशीतील आरोप एकच आहे. केंद्राच्या सामान-खोलीत नऊ गोण्यांत जप्त करून ठेवलेले एक हजार एकशे चाळीस रिकामे शंख जागेवर नाहीत, ते कोठे गेले याचा खुलासा करावा, आणि दि. १५ मे रोजीच्या सुनावणीला येताना ते बरोबर आणावेत. शंख कोठे आहेत हे अर्जदाराला नक्की माहीत आहे. ते बरोबर का आणता येणार नाहीत, हे सांगण्यासाठी मात्र थोडे मागून सुरुवात करावी लागेल. आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव ठेवून अर्जदार लवकर आटपेल.

३. ही फाइल निरनिराळ्या शाखांतून फिरणार असल्याने मुळात हा प्राणी काय आहे ते लिहिणे भाग आहे. सतरा फेब्रुवारीच्या एका पत्रात त्याचा उल्लेख 'सदर मासा' असा झालेला आहे. तो मासा नव्हे, शंखात राहणारा खेकडा आहे. त्याचे पुढचे अर्धे अंग कडक आणि मागचे अर्धे उघडे, मऊ, वळलेले असते. ते मऊ अंग झाकायला त्याच्याजवळ स्वतःचे काही नसते. म्हणून तो मेलेल्या गोगलगाईच्या रिकाम्या शंखात मागच्या मागे शिरतो आणि शंख पाठीवर घेऊन हिंडतो. अंगाने वाढला की शंख तोकडा पडतो, मग तो जरा मोठा शंख शोधतो आणि हाताला लागला की जुना सोडून त्यात जातो. जन्मभर हेच चालते. काही लोक याला संन्यासी खेकडा म्हणतात. अर्जदाराने अठरा वर्षांत इतका संसारी प्राणी दुसरा पाहिलेला नाही. याचा निम्मा दिवस घर बघण्यात जातो.

४. हा खेकडा कोणत्या प्रजातीचा, हे शंखावरून ठरत नाही, आतल्यावरून ठरते. कोणती नांगी मोठी, डावी की उजवी, की दोन्ही सारख्या. डोळ्यांचे देठ कोणत्या रंगाचे. पायांवर पट्टे आहेत का, असल्यास आडवे की उभे. हे बघायचे तर खेकडा बाहेर यावा लागतो, आणि तो येतो स्वतःच्या मर्जीने. शंख तळहातावर उताणा धरून, सावली न पाडता, श्वास रोखून उकिडवे बसावे लागते. कधी दोन मिनिटांत काम होते, कधी वीस मिनिटे जातात, आणि पाण्याची पुढची लाट पाठीवर येते तेव्हा तो डोळे बाहेर काढतो. अर्जदाराच्या कंबरदुखीची नोंद सेवापुस्तकात आहेच.

५. दि. १२ जानेवारीच्या आदेशानुसार दीपगृहाच्या पायथ्यापासून बर्फाच्या कारखान्याच्या पाइपापर्यंतच्या सहाशे मीटर खडकाळ पट्ट्यातील या खेकड्यांची प्रजातीनिहाय गणना करायची होती. सोबत 'नमुना ज' जोडलेला होता. त्याच्या चौथ्या रकान्यात 'ओळख क्रमांक, दर्शनी भागावर ठळक' असे छापलेले होते. येथे अर्जदाराच्या हातून जी चूक झाली तीच पुढच्या सगळ्याचे मूळ आहे, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. खेकड्याचा दर्शनी भाग म्हणजे शंख. अर्जदाराने तीनशे बारा खेकड्यांच्या शंखांवर गुलाबी नेलपॉलिशने एक ते तीनशे बारा असे आकडे घातले. नेलपॉलिश अर्जदाराच्या थोरल्या मुलीची होती, लवकर वाळते आणि खाऱ्या पाण्यात टिकते.

६. खेकडे शंख बदलतात हे अर्जदाराला ठाऊक नव्हते का, असे आपण विचाराल. ठाऊक होते. ते अर्जदाराइतके या पट्ट्यात कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही आकडा शंखावर घातला, कारण रकाना भरायचा होता आणि रकाना रिकामा ठेवला तर नमुना परत येतो हेही ठाऊक होते. दोन गोष्टी ठाऊक असताना अर्जदाराने दुसरीला मान दिला. नोकरीत अशी सवय लागते. पहिल्या गणनेत सात प्रजाती भरल्या आणि नमुना बिनबोभाट मंजूर झाला.

७. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या गणनेत तीनशे बारांपैकी शहाण्णव क्रमांकांच्या शंखांत भलतेच खेकडे निघाले. चव्वेचाळीस क्रमांकाच्या शंखात जानेवारीत डाव्या मोठ्या नांगीचा, पांढुरक्या पायांचा एक आडदांड गृहस्थ राहत होता. फेब्रुवारीत तेथे सारख्या नांग्यांचा, निळ्या पट्ट्यांचा दुसराच कोणी मुक्कामाला आलेला दिसला. अर्जदाराने जे दिसले ते प्रामाणिकपणे भरले. मुख्य कार्यालयातील संगणकावर मात्र एका क्रमांकाला एकच प्रजाती बसते. तेथील संगणक-चालक सद्गृहस्थांनी दूरध्वनीवरून कळवले की यंत्र लाल होत आहे. त्यानंतर आठवड्याभरात अर्जदाराला विचारणा झाली की शहाण्णव प्राण्यांनी पूर्वपरवानगीशिवाय प्रजाती कशी बदलली, आणि हे घडत असताना अर्जदार काय करीत होती.

८. अर्जदाराने खुलासा केला की प्रजाती बदललेली नाही, राहण्याची जागा बदललेली आहे. हा खुलासा मान्य झाला, ही आनंदाची गोष्ट होती. पण जागा बदलल्यास 'नमुना झ' तीन प्रतींत भरावा लागतो, असे त्याच पत्रात पुढे होते. अर्जदाराने शहाण्णव नमुने तीन-तीन प्रतींत भरले. 'जागा बदलण्याचे कारण' या रकान्यात सगळीकडे 'वाढ' असे लिहिले. ते सर्व नमुने 'वाढ हे कारण ग्राह्य नाही' असा शेरा मारून परत आले. हा शेरा अर्जदाराच्या ओळखीचा निघाला. अर्जदार, यजमान, सासरे आणि दोन मुली केंद्रामागच्या दोन खोल्यांत राहतात, आणि तिसऱ्या खोलीसाठी केलेल्या अर्जावरही आपल्या कार्यालयाने हाच शेरा दिला होता. त्याबाबत अर्जदाराची आज काही तक्रार नाही, कारण तो वेगळा विषय आहे.

९. दि. १७ मार्च रोजी मा. पडताळणी अधिकारी प्रत्यक्ष पाहणीसाठी आले. दौऱ्याचा कार्यक्रम मुख्य कार्यालयातच ठरला होता आणि तो ठरवताना भरतीची वेळ कोणी पाहिली नव्हती. ते पोहोचले तेव्हा पट्टा पुरुषभर पाण्याखाली होता. त्यांनी तास-दीड तास खुर्ची टाकून वाट पाहिली आणि पाहणी-वहीत 'स्थळ जागेवर आढळले नाही' असे लिहून सही केली. दुसऱ्या दिवशी अर्जदाराने हात जोडून त्यांना ओहोटीला आणले. कातडी बुटांमुळे ते शेवाळावर दोनदा घसरून बसले, पण तक्रार केली नाही. माणूस मनाने चांगला होता हे अर्जदार मुद्दाम नमूद करते.

१०. त्यांनी खडकांच्या बेचक्यांत पडलेले रिकामे शंख पाहिले आणि घोळाचे मूळ त्यांना तेथेच सापडले. ते म्हणाले, "बाई, मोकळी जागा दिसली की माणूससुद्धा हलतो. मोकळी जागाच ठेवू नका." दुसऱ्याच दिवशी, म्हणजे १९ मार्चला, आपला आदेश निघाला. किनाऱ्यावरील सर्व रिकामे शंख दररोज गोळा करून, गणना अंतिम होईपर्यंत जप्त ठेवावेत. शंख राहिलेच नाहीत की खेकडे आहेत तेथे राहतील, जो क्रमांक ज्याचा तो त्याचाच राहील, आणि यंत्र लाल होणार नाही.

११. अर्जदाराने आदेश पाळला. येथे अर्जदाराला थांबून एक गोष्ट सांगायची आहे. तो आदेश पाळता येण्यासारखा नव्हता. रिकामा शंख कपारीत, शेवाळाखाली, वाळूत निम्मा बुडालेला असतो, आणि नवख्या माणसाला शंभरातले दहासुद्धा सापडले नसते. शासनाने ते काम दुसऱ्या कोणाला दिले असते तर काही बिघडले नसते. पण अर्जदाराला अठरा वर्षांत प्रत्येक कपार पाठ झालेली. सहा दिवसांत तिने एक हजार एकशे चाळीस शंख वेचले, अगदी नखाएवढ्यापासून मुठीएवढ्यापर्यंत, आणि नऊ गोण्या भरून सामान-खोलीत ठेवल्या. पुढेही रोज सकाळी जाऊन जो एखादा दिसेल तो उचलला. दि. २ एप्रिल रोजी आपल्या कार्यालयाकडून अर्जदाराला प्रशंसापत्र मिळाले. सबंध नोकरीतले ते एकमेव. सासऱ्यांनी ते काचेत बसवून आणण्याची तयारी केली, पण यजमानांनी अर्जदाराच्या अंगाला शंखांचा वास येतो म्हणून तिला चार हात लांब राहण्याची अट घातली.

१२. एप्रिलमधील तिसरी गणना शंभर टक्के जुळली. एकाही क्रमांकाने जागा सोडली नव्हती. संगणक-चालकांनी दूरध्वनी करून अभिनंदन केले आणि यंत्र हिरवे झाल्याचे सांगितले. अर्जदाराने त्यांना सांगण्याचा प्रयत्न केला की येथे काहीतरी बिघडते आहे. ते म्हणाले की यंत्र हिरवे असताना बिघाडाची नोंद करता येत नाही.

१३. काय बिघडले होते ते आता लिहिते. खेकड्यांची वाढ आदेशाने थांबत नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासूनच खेकडे शंखात मावेनासे होऊन अर्धे बाहेर हिंडू लागले, जशी वाढत्या अंगाच्या मुलाची पॅण्ट घोट्याच्या वर येते. लाट आली, समुद्रपक्षी उतरला किंवा माणसाची सावली पडली तरी त्यांना आत ओढून घेता येईना. तेव्हा ज्याला जे मिळाले त्यात तो शिरला. आकडा नसलेला एक बाटलीच्या झाकणात. एक टूथपेस्टच्या झाकणात. एक फुटक्या विजेच्या दिव्याच्या पितळी बुडात, तो चालला की खडकावर टणटण आवाज होई. एक गृहस्थ अर्ध्या टेबल-टेनिसच्या चेंडूत, आणि तो प्रत्येक लाटेबरोबर तरंगत जाऊन पुन्हा तेवढेच अंतर चालत परत येई. हे सर्व अर्जदाराने एप्रिल महिन्याच्या नमुन्यात 'निवाऱ्याचा प्रकार' या रकान्यात जसेच्या तसे भरले. ती मदतीची हाक होती. तेवढी एकच हाक मारण्याची सोय त्या नमुन्यात होती.

१४. मुख्य कार्यालयात निवाऱ्याचा प्रकार आणि प्रजाती हे दोन रकाने शेजारी असल्याने संगणक-चालकांकडून ते एकत्र झाले. दि. २० एप्रिल रोजी आपल्या कार्यालयाने वृत्तपत्रांना निवेदन दिले की संचालनालयाच्या खास प्रयत्नांमुळे या पट्ट्यातील शंखखेकड्यांच्या प्रजाती सातावरून अकरावर गेल्या आहेत. त्या अकरांतली एक टूथपेस्टचे झाकण आहे, महोदय. अर्जदाराने ते निवेदन सासऱ्यांना वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि स्वतः वाचले.

१५. शंख परत सोडण्याची परवानगी मागणारे अर्जदाराचे सहा अर्ज आपल्याकडे आहेत. पहिल्याचे उत्तर आले की जप्त माल फक्त मूळ मालकाला परत करता येतो. अर्जदाराने कळवले की शंखाची मूळ मालक गोगलगाय असून ती मेल्याशिवाय शंख रिकामा होत नाही. दुसऱ्याचे उत्तर आले की तसे असल्यास मृत मालकाचा वारस दाखला जोडावा. तिसऱ्यात अर्जदाराने विनंती केली की गोगलगाईचे वारस समुद्रात असून त्यांना शंखाची गरज नाही, गरज ज्यांना आहे त्यांना तो द्यावा. यावर उत्तर आले की गरज हा हक्क नाही, आणि तरी वाटप करायचेच असल्यास प्रत्येक लाभार्थ्याची स्वाक्षरीची पोच घ्यावी लागेल. चौथा, पाचवा आणि सहावा अर्ज दीर्घ रजेवर आहेत.

१६. दि. २ मे रोजी सकाळच्या ओहोटीला बर्फाच्या कारखान्याच्या बाजूला अर्जदाराला एक खेकडा दिसला. तो निम्मा पेनाच्या टोपणात आणि निम्मा बाहेर होता. बाहेरचे अंग उन्हाने वाळलेले होते. आत शिरायचा त्याने शेवटपर्यंत प्रयत्न केला असावा, कारण पाय आतल्या बाजूला ओढलेले होते. अर्जदार पुढे शोधत गेली तेव्हा त्याच सकाळी आणखी दहा मेलेले सापडले. अर्जदार खडकावर बसली आणि रडली. हे कोणत्या नमुन्याच्या कोणत्या रकान्यात भरायचे ते कळले नाही, म्हणून येथे लिहिले आहे. ते टोपण अर्जदाराच्या ओळखीचे नव्हते, पण त्या टोपणात त्याला अर्जदारानेच राहायला लावले होते. त्याला हवा होता तेवढा शंख गोणीत होता. गोणी सामान-खोलीत होती. आणि सामान-खोलीची किल्ली गोण्या भरून ठेवल्या त्या दिवसापासून अर्जदाराच्याच कमरेला होती. एकोणचाळीस दिवस अर्जदार ती किल्ली खोचून किनाऱ्यावर फिरली आणि घरी येऊन परवानगीचे अर्ज लिहीत बसली.

१७. त्या दिवशी दुपारी अर्जदाराने जेवणावर राग काढला. सासरे नोंदणी कार्यालयातून एकतीस वर्षांनी निवृत्त झालेले आहेत. त्यांनी तिन्ही उत्तरे मागून घेतली आणि तिसऱ्यातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. ते म्हणाले, "सूनबाई, यांनी नाही म्हटलेलं नाही. यांनी पोच मागितली आहे." अर्जदार म्हणाली की खेकड्यांना सही येत नाही. त्यावर ते जे म्हणाले ते या प्रकरणात पुरावा म्हणून घ्यावे. "सही येत नाही म्हणून कुणाचं घर अडलेलं मी एकतीस वर्षांत पाहिलं नाही. निशाणी घे आणि मोकळी हो."

१८. दि. ३ मे रोजी सकाळी ओहोटीला अर्जदार, यजमान आणि सासरे यांनी नऊ गोण्या हातगाडीवर घालून किनाऱ्यावर नेल्या आणि शंख खडकांवर पसरले. एका सपाट खडकावर काळा चिखल कालवून ठेवला (शाई प्राण्यांना बाधेल म्हणून वापरली नाही) आणि पुढे परत आलेल्या 'नमुना झ'चे कोरे पाठपान अंथरले. सासरे खुर्चीवर छत्री घेऊन बसले, त्यांच्या पूर्वीच्या सवयीने.

१९. पुढे जे घडले ते अर्जदाराने आयुष्यात प्रथमच इतक्या जवळून आणि इतक्या मोठ्या संख्येने पाहिले. पहिला मोठा शंख ठेवला तशी एक खेकडा येऊन त्याला चाचपू लागला. त्याच्या मागे त्याच्याहून थोडा लहान येऊन उभा राहिला, त्याच्या मागे त्याहून लहान, असे करीत चौदा जण उतरत्या क्रमाने एकामागे एक लागले. कोणी कोणाला ढकलले नाही, कोणी ओळखीचा म्हणून मध्येच घुसला नाही. पहिला मोठ्या शंखात गेला, त्याने सोडलेल्यात दुसरा, दुसऱ्याने सोडलेल्यात तिसरा, आणि बघता बघता चौदाही जण नव्या जागी राहायला गेले. शेवटी नखाएवढा एक शंख उरला. अर्जदाराने आजवर कोणत्याही कार्यालयात अशी रांग पाहिलेली नाही. सासऱ्यांनीही पाहिलेली नाही, आणि त्यांनी पुष्कळ पाहिल्या आहेत.

२०. नव्या शंखात स्थिरावलेला जो खेकडा चिखलातून कागदावर चालत गेला त्याची निशाणी आपोआप उमटली. सासरे प्रत्येक निशाणीखाली शिस-पेन्सिलीने 'निशाणी डावी नांगी', 'निशाणी उजवी नांगी' किंवा 'निशाणी दोन्ही नांग्या' असे लिहीत गेले आणि बाजूला 'समक्ष' म्हणून स्वतःची सही करीत गेले. अशा दोनशे अडुसष्ट निशाण्या मिळाल्या. उरलेले लाभार्थी कागदाकडे फिरकले नाहीत, जागा मिळाल्यावर लोक फिरकत नाहीतच. पाणी चढेपर्यंत सर्व शंख किनाऱ्यावर मोकळे झाले होते आणि गोण्या रिकाम्या होत्या. त्या आठवड्याच्या विवरणपत्रात अर्जदाराने 'जप्त माल शिल्लक : शून्य' असे लिहिले. आपली नोटीस त्यावरूनच निघाली आहे. कोणी चुगली केलेली नाही.

२१. या कामात आणखी एक गोष्ट झाली आणि ती शास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाची आहे. जुन्या शंखातून नव्यात जाताना खेकडा क्षणभर पूर्ण बाहेर असतो. अठरा वर्षे अर्जदाराने त्यांचे फक्त डोळे, नांग्या आणि पायांची टोके पाहिली होती. त्या दिवशी ती त्यांना अख्खे बघू शकली. आणि तेव्हा लक्षात आले की अर्जदार ज्यांना वर्षानुवर्षे एकाच प्रजातीत धरत होती ते दोन वेगळे आहेत. त्यांतला एक उजव्या मोठ्या नांगीचा आहे. तो शंखात बसताना ती नांगी दारासारखी वळवून घेतो, म्हणून अर्जदाराला ती डावी वाटत होती. त्याच्या डोळ्यांचे देठ फिकट नारिंगी आहेत. सबब या पट्ट्यातील खऱ्या प्रजाती आठ आहेत. सात नाहीत आणि अकराही नाहीत. सासऱ्यांच्या कागदावर उजव्या नांगीच्या एकोणीस निशाण्या आहेत, त्या त्याच्या. ही चूक अठरा वर्षे केल्याबद्दल अर्जदाराला वाईट वाटते, आणि ती सापडल्याचा जो आनंद झाला तो त्याहून थोडा जास्त आहे.

२२. सबब सुनावणीला शंख आणता येणार नाहीत. आणायचे म्हटले तर प्रत्येक शंखाबरोबर आतला रहिवासीही आणावा लागेल, आणि तो वाटेत आणखी एकदा जागा बदलेल. त्याऐवजी सुनावणीच किनाऱ्यावर घ्यावी. जप्तीची यादी घेऊन आपण ओहोटीला आलात तर सर्व माल समोर चालताना दिसेल. अर्जदाराविरुद्ध जी कारवाई योग्य वाटेल ती करावी. मालाचे परवानगीशिवाय वाटप केले हा आरोप खरा आहे. त्याच्या आधीचा, म्हणजे माल जप्त केल्याचा, आरोप अजून कोणी ठेवलेला नाही. तो अर्जदार स्वतः ठेवत आहे. अकरा खेकडे मेले आणि ते अर्जदाराने वेचलेल्या शंखांवाचून मेले. कारवाईचा विचार करताना तोही धरावा.

२३. शासनाकडे मागणी थोडकी आहे. यादीतून टूथपेस्टचे झाकण, बाटलीचे झाकण, दिव्याचे बूड आणि चेंडू या चार प्रजाती वगळाव्यात. आठवी प्रजाती दाखल करावी. आकडे घालणे बंद करावे, ते अर्जदाराने नेलपॉलिश काढण्याच्या द्रावाने पुसायला घेतले आहेत. आणि सर्वांत आधी १९ मार्चचा आदेश रद्द करावा, कारण तो अजून लागू आहे आणि त्यात 'दररोज' असा शब्द आहे. वाटपाच्या दिवशी प्रत्येक रांगेच्या शेवटी लहान शंख उरले, गोगलगाई रोज मरतात, आणि किनाऱ्यावर आता पुन्हा रिकाम्या जागा आहेत. आदेशानुसार त्या उचलणे अर्जदाराचे काम आहे.

२४. ते काम टाळण्यासाठी अर्जदार ४ मेपासून आजारपणाच्या रजेवर आहे. रजेच्या अर्जात ताप लिहिला होता. ताप नव्हता. ती रजा आज संपते. उद्या सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ओहोटी आहे आणि आपले उत्तर तोवर येणार नाही, हे मागील सहा अर्जांवरून अर्जदार समजून आहे. म्हणून परवानगी न मागता फक्त कळवीत आहे. उद्या अर्जदार नेहमीच्या वेळी किनाऱ्यावर जाईल, नेहमीप्रमाणे मोजेल, आणि रिकामा शंख दिसला तर तो जेथे असेल तेथेच राहू देईल.

आपली, कालपर्यंत आज्ञाधारक,

(सही)
सर्वेक्षण सहायक,
किनारी निरीक्षण केंद्र, दीपगृहाखाली.
दि. ९ मे

सोबत :
१) निशाण्या, एकूण २६८ ('नमुना झ'च्या पाठीवर. चिखल वाळलेला असल्याने फाइल उभी ठेवू नये).
२) आठ प्रजातींची यादी, प्रत्येकीच्या नांग्यांच्या व डोळ्यांच्या रेखाचित्रांसह (चित्रे धाकट्या मुलीने काढली असून अर्जदाराने तपासली आहेत).
३) सामान-खोलीची किल्ली.
४) मे महिन्याच्या भरती-ओहोटीचे वेळापत्रक. आपण येणार असाल तर ओहोटीच्या वेळांखाली रेघ मारलेली आहे.